धोरणातील अनिश्चितता आणि छोटा हरित उद्योजक

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विकासकार्यातील अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सूर्याचा प्रकाश, वारा, शेण, शेतातील पालापाचोळा अशा सहसा वाया जाणाऱ्या साधनांतून वीज, इंधन वा खत निर्माण करून त्यावर उपजीविका करणाऱ्या व्यावसायिकास अलीकडे हरित उद्योजक असे म्हटले जाते. या उद्योजकांविषयी बोलताना शासनाने त्यांना कोणत्या सवलती दिल्या, अनुदानाची टक्केवारी किती, याचीच चर्चा बहुधा होते. आज मला आपले लक्ष एका वेगळ्या प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. शासन उद्या काय करणार आहे, हे या उद्योजकास किती आधी आणि किती खात्रीने कळते? माझ्या मते, छोट्या उद्योजकाच्या दृष्टीने अनुदानाच्या रकमेपेक्षाही या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे ठरते. विकसनशील देशांतील गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव हेच दाखवितो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत एक भेद केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम आणि जिची मोजदादच करता येत नाही ती अनिश्चितता. आपल्या शेतकऱ्यास हा भेद शिकविण्याची गरज नाही. पाऊस कमी पडण्याची जोखीम तो पिढ्यान्‌पिढ्या पत्करीत आला आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदी पाहून तिचा अंदाज बांधता येतो, तिचा विमाही उतरविता येतो. परंतु कांदा काढणीला आलेला असताना निर्यातबंदी होईल की नाही, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. हरित उद्योजकाच्या वाट्याला येते ती बहुतांशी ही दुसऱ्या प्रकारची अडचण.

याचे कारण त्या व्यवसायाच्या घडणीत आहे. डिझेलच्या इंजिनाला सुरुवातीचा खर्च थोडा आणि इंधनाचा खर्च रोजचा. सौर पंप वा पवनचक्की यांचे नेमके उलट. सारा पैसा पहिल्या दिवशी घालावयाचा आणि त्याचे फळ पुढील पंधरा-पंचवीस वर्षे थोडेथोडे घ्यावयाचे. एवढ्या काळात शासनाशी त्याचा संबंध पदोपदी येतो. यंत्रावरील आयातशुल्क आणि कर शासनाचा, वीज विकत घेणारी कंपनी पुष्कळदा शासनाच्या मालकीची, विजेचा दर ठरविणारा आयोग शासनाने नेमलेला. शिवाय ज्या मालाशी त्याची स्पर्धा, ती शेतीची सवलतीची वीज किंवा एके काळचे स्वस्त धान्य दुकानातील रॉकेल, त्याची किंमतही शासनानेच कमी ठेवलेली. त्यात विकसनशील देशांत कर्ज महाग आणि उद्योजकाचे स्वतःचे भांडवल तुटपुंजे. भविष्य धूसर दिसले की बँक व्याज वाढविते किंवा कर्जच नाकारते.

बांगलादेशचा अनुभव

या संदर्भात शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. तेथे २००३ मध्ये, जागतिक बँकेच्या साहाय्याने, ‘इडकॉल’ या शासकीय मालकीच्या वित्तसंस्थेने ग्रामीण घरांसाठी सौर संचांचा कार्यक्रम हाती घेतला. एक लहानसे सौर पटल, एक बॅटरी, तीन-चार दिवे आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय, असा तो संच. इडकॉलने संच स्वतः वाटले नाहीत. ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थांना तिने कमी व्याजाचे कर्ज व थोडे अनुदान दिले. त्या संस्थांनी कुटुंबांना संच हप्त्याने विकले आणि वसुली व दुरुस्तीची जबाबदारी घेतली. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘ग्रामीण शक्ती’ ही त्यांतील सर्वांत मोठी. पाच वर्षांत ५०,००० संचांचे उद्दिष्ट होते, ते तीन वर्षांच्या आतच पुरे झाले. २०१३ च्या सुमारास महिन्याला सत्तर हजारांवर संच बसू लागले आणि कार्यक्रम संपेपर्यंत एकूण संख्या ४० लाखांच्या पलीकडे गेली. बॅटरी, नियंत्रक, दिवे देशातच तयार होऊ लागले. खेडोपाडी दुरुस्ती करणारे हजारो तंत्रज्ञ, त्यांत कित्येक स्त्रिया, तयार झाले.

यातील एक बारकावा आपण ध्यानात घ्यावा. प्रत्येक संचामागे प्रारंभी सुमारे ९० डॉलर अनुदान होते. ते टप्प्याटप्प्याने कमी करीत २० डॉलरच्या आसपास आणले गेले, आणि तेही अखेरीस लहान संचांपुरतेच उरले. म्हणजे अनुदान घटत गेले त्या काळातच विक्री वाढत गेली. अनुदान कमी होणार आहे, केव्हा आणि किती, हे संस्थांना आधी माहीत होते, आणि त्या हिशेबाने त्यांनी आपला खर्च बसविला. अनुदान आटले की उद्योग मरतो, ही समजूत निदान या उदाहरणाने खोटी ठरते.

मग हा कार्यक्रम कोसळला कशामुळे? दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही शासनाच्याच. एक म्हणजे विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा फार लवकर खेड्यांत पोहोचू लागल्या. दुसरी अधिक विचार करावयास लावणारी आहे. ‘टेस्ट रिलीफ’ आणि ‘काबिटा’ या ग्रामीण मदतकार्याच्या योजनांतील निधीतून शासनाने सौर संच फुकट वाटण्यास सुरुवात केली. एका घराने तीन वर्षांच्या हप्त्याने घेतलेला संच शेजारच्या घरी विनामूल्य आला. मग पहिल्या घराने हप्ता कशासाठी भरावा? वसुली थांबली, संस्थांचे इडकॉलकडील कर्ज थकले, गावोगावची कार्यालये बंद झाली आणि नोकरवर्ग कमी करावा लागला.

तारा पोहोचविणे चूक होते काय? मुळीच नाही. गरिबाला दिवा विनामूल्य मिळाला, यातही वाईट काही नाही. दोन्ही हेतू चांगले होते. पण एका खात्याने उद्योजकास कर्ज देऊन ज्या गावी पाठविले, त्याच गावी दुसऱ्या खात्याने त्याची बाजारपेठ काढून घेतली, आणि या दोन खात्यांच्या नकाशांचा मेळ कोणी घातला नाही. कोणत्या गावी तारा कोणत्या वर्षी येणार याची यादी संस्थांच्या हाती वेळेवर पडली असती, तर त्यांनी तेथे नवे संच विकले नसते, इतके तरी झाले असते.

अशीच अडचण आपल्याकडे बिहार व उत्तर प्रदेशात खेड्यांपुरती वीज पुरविणाऱ्या छोट्या प्रकल्पांस आली. ‘हस्क पॉवर’सारख्या उद्योगाने २००८ पासून भाताच्या तुसापासून वीज करून गावे उजळली. पुढे तारा आल्यावर या प्रकल्पांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. उत्तर प्रदेश शासनाने २०१६ च्या आपल्या धोरणात त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवले. तारा आल्यास प्रकल्पाने आपली वीज वितरण कंपनीस विकावी किंवा मूल्य ठरवून प्रकल्पच तिच्याकडे सोपवावा. अंमलबजावणीच्या तपशिलाबद्दल मतभेद असू शकतील. पण येऊ घातलेल्या प्रसंगाचे नाव घेऊन त्याची वाट कागदावर आखून ठेवणे, यालाच मी चांगले धोरण म्हणतो.

पवनचक्क्यांचा चढउतार

आता महाराष्ट्राच्या अधिक परिचयाच्या विषयाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. राज्याच्या वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरसाल १५ पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर जाहीर केला. त्या वर्षाच्या सुरुवातीस राज्यात सुमारे ४०० मेगावॅट पवनशक्ती होती. मार्च २०१० अखेर ती २,००० मेगावॅटच्या वर गेली. या वाढीस अन्य कारणेही होती, पण तेरा वर्षांचे उत्पन्न कागदावर मांडता येऊ लागले, हे त्यांतील मोठे कारण.

दुसरे कारण केंद्राच्या आयकरात होते. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा धरण्याची मुभा होती. त्यामुळे वाऱ्याशी काही देणेघेणे नसलेल्या व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनीही कर वाचविण्यासाठी पवनचक्क्या घेतल्या. चक्की फिरते की नाही, यापेक्षा ती ३१ मार्चपूर्वी उभी राहते की नाही याची चिंता काहींना अधिक असे. ही त्रुटी दूर करण्यासाठी डिसेंबर २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या दर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आली. योग्य दिशेने टाकलेले ते पाऊल होते.

परंतु मार्च २०१२ अखेर ही योजना संपली आणि त्याच सुमारास ८० टक्के घसाराही काढून घेण्यात आला. दोन्ही आधार एकदमच गेले. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट नवी पवनशक्ती उभी राहिली होती, ती पुढील वर्षी सुमारे १,७०० मेगावॅटवर आली. मग २०१३ मध्ये प्रोत्साहन पुन्हा सुरू झाले, २०१४ मध्ये घसाराही परत आला. २०१६-१७ मध्ये ५,५०० मेगावॅटचा उच्चांक गाठला गेला. तोच फेब्रुवारी २०१७ मध्ये दर ठरविण्याची पद्धत बदलून लिलाव सुरू झाले आणि एप्रिल २०१७ पासून घसारा निम्मा, म्हणजे ४० टक्के झाला. २०१७-१८ ची भर पुन्हा १,८०० मेगावॅटच्या आत!

लिलावाने ग्राहकाचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. पहिल्या लिलावात ३ रुपये ४६ पैसे आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातेत २ रुपये ४३ पैसे इतका खाली दर आला. तथापि पहिल्या लिलावात बोली लावण्यासाठीच किमान ५० मेगावॅटचा प्रकल्प हवा होता. एक-दोन पवनचक्क्यांच्या मालकास तेथे दारच नव्हते. पाती, मनोरे, गिअरपेट्या यांचे सुटे भाग करणारे लघुउद्योगही या चढउतारात होरपळले, कारण त्यांचे कामगार आणि यंत्रे एका वर्षी पुरी पडत नाहीत आणि पुढच्या वर्षी रिकामी बसतात.

चौदा दिवस आणि तेरा महिने

सौर संच बसविणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या दुकानदाराचे उदाहरण घेऊ. समजा, त्याने एका शाळेच्या छपरावर दोन लाख रुपयांचा संच, अधिक कर, अशा दराने काम घेतले. जानेवारी २०१९ पासून अशा कामाचे ७० टक्के मूल्य मालाचे आणि ३० टक्के सेवेचे धरले जाई. मालावर ५ आणि सेवेवर १८ टक्के या दराने एकूण कर ८.९ टक्के, म्हणजे १७,८०० रुपये होई. १७ सप्टेंबर २०२१ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने मालावरील दर १२ टक्के केला आणि १ ऑक्टोबरपासून तो अंमलात आला. एकूण कर १३.८ टक्के, म्हणजे २७,६०० रुपये झाला. मुदत मिळाली चौदा दिवसांची. शाळेने करासह रक्कम आधीच मंजूर करून घेतलेली असेल, तर वरचे ९,८०० रुपये कोणी द्यावयाचे? बहुधा दुकानदारानेच. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर पुन्हा ५ टक्के झाला. चार वर्षांनी गाडी मूळ स्थानकावर आली, पण मधल्या काळात किती छोटी दुकाने उतरून गेली याची गणती कोण ठेवतो?

याच्या शेजारी दुसरा निर्णय ठेवून पाहा. परदेशी सौर पटलांवर ४० टक्के आणि घटांवर २५ टक्के आयातशुल्क १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. बोजा वरच्या करवाढीपेक्षा पुष्कळ मोठा. पण तो लागू होणार हे मार्च २०२१ मध्येच जाहीर झाले होते. सुमारे तेरा महिने मिळाले. कोणी माल आधी आणून ठेवला, कोणी देशी पटलांकडे वळले, नव्या कामांचे दर त्या हिशेबाने दिले गेले. त्या शुल्काच्या इष्टतेबद्दल वाद करता येईल. माझा मुद्दा इतकाच की, जड ओझे आधी सांगितले तर माणूस कंबर कसून उचलतो आणि हलके ओझेही अवचित डोक्यावर पडले तर मान मोडते.

पूर्वसूचना न मिळता नियम बदलला तर मोठ्या कंपनीस एक संरक्षण असते. वीज विक्रीच्या तिच्या करारात ‘कायद्यातील बदल’ या नावाचे कलम असते आणि त्याखाली वाढीव खर्चाची भरपाई आयोगाकडे मागता येते. छप्परावर संच बसविणाऱ्या दुकानदाराकडे असते ती एक पावती. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये राज्य शासनाने आधी केलेल्या पवन व सौर वीज करारांचे दर कमी करण्याचा प्रयत्न केला. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. अंतिम निर्णय कंपन्यांच्या बाजूने मार्च २०२२ मध्ये लागला. तोवर त्यांना पवन विजेस २ रुपये ४३ पैसे व सौर विजेस २ रुपये ४४ पैसे या अंतरिम दरावर भागवावे लागले. जवळजवळ तीन वर्षे वाट पाहण्याचे बळ मोठ्यांना असते. न्याय मिळाला, पण तो टिकून राहिलेल्यांना.

आफ्रिकेतील केनियातही हाच खेळ झाला. तेथे सौर साहित्यावरील मूल्यवर्धित कराची सूट एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे महामारीच्या ऐन काळात, काढून घेतली आणि जुलै २०२१ मध्ये बऱ्याच अंशी परत दिली. रोजच्या कमाईतून मोबाइलद्वारे हप्ता भरणाऱ्या कुटुंबांचा तो बाजार होता.

शासनाचीही बाजू आहे

आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांच्या मनात येथे एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. सौर पटलांच्या किमती काही वर्षांत कित्येक पटींनी उतरल्या असता जुनाच दर वर्षानुवर्षे देत राहणे म्हणजे सर्वसामान्य वीजग्राहकाच्या खिशातून मूठभरांचे हित पाहणे होय. अर्थसंकल्पाच्या मर्यादा असतात. आयतखाऊ उद्योजकही असतात, अनुदान उचलून नादुरुस्त संच मागे ठेवणारे. धोरण बदलूच नये अशी मागणी कोणी समंजस माणूस करणार नाही. बदल केव्हा लागू होणार, चालू कामांस कोणता नियम, आणि दिलेले वचन पुरे होईपर्यंत पैसा वेळेवर मिळणार की नाही, एवढ्याच तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आदेशात असावीत, अशी अपेक्षा आहे.

केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२० च्या नियमांत, छपरावरील सौर वीज ग्रीडला देऊन देयकातून वजा करून घेण्याची मुभा १० किलोवॅटपर्यंत मर्यादित केली आणि जून २०२१ मध्ये ती मर्यादा ५०० किलोवॅट केली. अनुभवातून चूक सुधारली हे चांगलेच. पण या सहा महिन्यांत शाळा, रुग्णालये, छोटे कारखाने यांनी संच घ्यावा की थांबावे, हे त्यांना कोण सांगणार होते?

थांबण्याविषयी आणखी एक शब्द. योजना जाहीर झाली की खरेदी थांबते. ‘अनुदान येणार आहे, मग आताच कशाला घ्यावयाचे?’ असे ग्राहक म्हणतो आणि ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. घोषणा आणि नियमावली यांत जितके महिने जातील तितके महिने दुकानदाराचा गल्ला रिकामा. घरांच्या छपरांसाठी २०२४ च्या प्रारंभी आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किलोवॅट व त्यावर एकूण ७८,००० रुपये, असे आकडे स्पष्ट सांगितले गेले, हे नमूद केले पाहिजे.

गावपातळीवर

आयातशुल्क दिल्लीत ठरते, त्यात आपण काय करणार, असे पंचायत सदस्यांनी म्हणू नये. उद्योजकाच्या अनिश्चिततेचा मोठा भाग गावातच निर्माण होतो. ग्रामपंचायतीने बसविलेल्या सौर पथदिव्यांची रक्कम किती दिवसांत मिळेल, हे कार्यादेशात लिहिलेले असते काय? असल्यास ते पाळले जाते काय? सहा महिने थकलेल्या देयकावरील व्याज तालुक्याचा तरुण सावकाराला भरीत असतो, आणि पुढच्या वेळी तो एक तर दर वाढवून लावतो किंवा हलका माल देतो. शिक्षकांनीही शाळेच्या छपरावरील संचाच्या देखभालीसाठी दरसाल थोडी रक्कम बाजूला पडते की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारावे. वर्षाला ठरावीक काम मिळण्याची खात्री असेल तर गावाजवळच तंत्रज्ञ टिकतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या पंपांना दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राजवळच्या जमिनींवर छोटे सौर प्रकल्प उभारले जात आहेत. त्यासाठी गायरानासारख्या सार्वजनिक जमिनी दिल्या जातात आणि ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये प्रोत्साहन ठेवले आहे. काही ठिकाणी काम सुरू झाल्यावर वाद उपस्थित होतात. गुरे कोठे चरणार, पाणवठ्यावर जाण्याची वाट कोठून, हे प्रश्न खरे आहेत, आणि ते उद्योजकाने खांब रोवल्यावर नव्हे, ग्रामसभेत आधी विचारले गेले पाहिजेत. गट क्रमांक, मोजणीचा नकाशा, गुरांसाठी राखलेली जागा आणि सोडावयाची वाट ठरावातच नोंदवावी. त्या ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि एक प्रत, काम सुरू करण्यापूर्वी, उद्योजकाच्या हाती द्यावी.